संहाराच्या पायऱ्या

महाभारताची कथा जनमेजयाला कोठे सांगितली गेली, हे आपण सहसा ध्यानात ठेवत नाही. वैशंपायनांनी ती सांगितली सर्पसत्राच्या निमित्ताने. परीक्षित राजाला तक्षकाने दंश केला होता. त्या एका तक्षकाच्या अपराधाबद्दल परीक्षिताच्या पुत्राने समस्त सर्पकुलाची आहुती देण्याचा संकल्प सोडला. त्या यज्ञमंडपाचे वर्णन वाचताना आम्हांला नेहमी एक गोष्ट जाणवते. वैराने पेटलेली माणसे या कथेत फार थोडी आहेत : एक स्वतः राजा, आणि दुसरा त्याला पित्याच्या मृत्यूची आठवण करून देणारा उत्तंक, ज्याचे तक्षकाशी स्वतःचे जुने भांडण होते. बाकीचे सारे आपापले काम करीत होते. ऋत्विज मंत्र म्हणत होते, आहुती पडत होत्या, आणि लहानथोर असे असंख्य सर्प अग्नीत येऊन कोसळत होते. ज्याच्यासाठी हे सारे आरंभले, तो तक्षक मात्र इंद्राच्या आश्रयाला सुखरूप होता.

एखादा समाज आपल्यातल्याच एका समूहाला समूळ नष्ट करण्यापर्यंत कसा पोहोचतो, हा प्रश्न विसाव्या शतकाने पुनःपुन्हा विचारायला लावला. त्या कृत्याला स्वतंत्र नावही याच शतकात मिळाले. राफाएल लेम्किन या पोलंडच्या ज्यू कायदेपंडिताने १९४४ साली ग्रीक आणि लॅटिन धातू जोडून 'जेनोसाइड' हा शब्द घडविला. आपण त्याला वंशसंहार म्हणतो. ९ डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी त्याविरुद्धचा करार संमत केला आणि १९५९ साली भारताने त्यास अनुसमर्थन दिले. नुसत्या मोठ्या कत्तलीहून या अपराधात काही वेगळे आहे. येथे माणूस मारला जातो तो त्याने काही केले म्हणून मारला जात नाही; तो अमुक कुळात जन्मला, एवढेच पुरते.

अशा घटनांविषयी ऐकले की 'ती माणसेच राक्षसी होती' असे आपण म्हणतो. या उत्तरात एक सोय आहे. राक्षस वेगळे आणि आपण वेगळे, म्हणून तो प्रश्न आपला उरत नाही. हे उत्तर खरे आहे काय, हे तपासण्यासाठी आम्ही येथे १९९४ सालच्या रवांडाचे उदाहरण घेतो. मध्य आफ्रिकेतील या लहानशा डोंगराळ देशात मारणारे आणि मरणारे एकच भाषा बोलत होते, बहुतांशी एकाच चर्चमध्ये प्रार्थना करीत होते, एकाच टेकडीच्या उतारावर शेजारी शेजारी शेती करीत होते. त्यांच्यात परस्परांत लग्ने होत. तरीही सुमारे शंभर दिवसांत पाच लाखांहून अधिक, आणि संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाने आठ लाख माणसे मारली गेली. त्यांतील बहुसंख्य तुत्सी होते. त्यांच्याबरोबर या संहाराला विरोध करणारे हुतूही मारले गेले.

पहिली पायरी कागदाची होती. हुतू आणि तुत्सी हे भेद जुने होते, पण ते संपत्ती, गुरेढोरे आणि राजदरबाराशी असलेले नाते यांच्याशी निगडित होते. त्यांच्या सीमा काही प्रमाणात ओलांडता येत. बेल्जियमच्या वसाहती सरकारने १९३० च्या दशकात शिरगणती करून प्रत्येकाच्या ओळखपत्रावर त्याची जमात लिहिली, आणि बापाची जमात ती मुलाची असा नियम कायम झाला. याच सुमारास युरोपीय पंडितांनी एक कथा रचली होती. तुत्सी हे ईशान्येकडून, इथिओपियाच्या बाजूने आलेले श्रेष्ठ लोक असून राज्य करण्यासाठीच जन्मले आहेत, अशी ती कथा. ती तुत्सींच्या गौरवासाठी सांगितली गेली होती आणि शाळांतून, नोकऱ्यांतून त्यांना तिचा लाभही झाला. परंतु १९५९ च्या उठावानंतर आणि १९६२ च्या स्वातंत्र्यानंतर सत्ता हुतूंकडे आली, तेव्हा तीच कथा उलटी वाचली जाऊ लागली. बाहेरून आलेले श्रेष्ठ लोक आता नुसतेच बाहेरून आलेले लोक झाले. नोव्हेंबर १९९२ मध्ये लेओं मुगेसेरा या पुढाऱ्याने काबाया येथील सभेत जाहीरपणे सुचविले की, यांचे घर इथिओपियात आहे आणि न्याबारोंगो नदीच्या वाटेने त्यांना तिकडे लवकर धाडावे. दीड वर्षाने त्या नदीतून प्रेते वाहत व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत गेली. ज्या पूर्वजांच्या आगमनाचा पुरावा कोणापाशी नव्हता, त्या आगमनाची शिक्षा त्यांच्या नातवंडांना मिळाली.

दुसरी पायरी भीतीची. ही भीती सर्वस्वी खोटी होती असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. १ ऑक्टोबर १९९० रोजी युगांडातील तुत्सी निर्वासितांच्या सशस्त्र संघटनेने रवांडावर चढाई केली होती आणि लक्षावधी शेतकरी घरदार सोडून छावण्यांत आले होते. शेजारच्या बुरुंडीत १९७२ साली तुत्सींच्या लष्कराने हुतूंची भीषण कत्तल केली होती, आणि ऑक्टोबर १९९३ मध्ये तेथील निवडून आलेल्या पहिल्या हुतू राष्ट्राध्यक्षाला लष्करी अधिकाऱ्यांनीच ठार केले. भीती खरी होती. खोटे होते ते तिचे बोट ज्या दिशेला वळविले गेले ते. 'इन्येंझी', म्हणजे झुरळ, हा शब्द पहा. १९६० च्या दशकात सीमेपलीकडून रात्रीचे छापे घालणाऱ्या निर्वासित टोळ्यांना हे नाव होते. १९९० नंतर नियतकालिकांतून आणि १९९३ मध्ये सुरू झालेल्या 'आरटीएलएम' या खासगी रेडिओवरून तेच नाव, ज्याने कधी बंदूक पाहिली नव्हती अशा शेजाऱ्यालाही चिकटविले गेले. शत्रूला लावलेले विशेषण एका जमातीचे नाव झाले, की सैनिक आणि पाळण्यातले मूल यांतील भेद भाषेतून पुसला जातो. भाषेतून तो पुसल्यावर हातांना वेळ लागत नाही.

तिसऱ्या पायरीकडे सहसा लक्ष जात नाही, पण आमच्या मते तीच निर्णायक आहे. ६ एप्रिल १९९४ च्या रात्री राष्ट्राध्यक्ष हाब्यारिमाना यांचे विमान किगालीवर पाडले गेले. दुसऱ्याच दिवशी ज्यांना वेचून ठार केले गेले त्यांत पंतप्रधान अगाथ उविलिंगियिमाना होत्या. त्या हुतू होत्या. त्यांच्या रक्षणासाठी असलेले दहा बेल्जियन शांतिसैनिकही मारले गेले. म्हणजे संहाराची सुरुवात करताना मारेकऱ्यांनी ज्यांना प्रथम गाठले त्यांत 'आपल्यातले' लोक होते : जे तडजोड करू पाहत होते, ज्यांचा शब्द हुतू लोक ऐकले असते असे लोक. दुसऱ्या जमातीचा नाश करण्यापूर्वी स्वतःच्या जमातीतील विवेकी आवाज बंद करावा लागतो. बाहेरून येणारा अडथळाही फार नव्हता. संयुक्त राष्ट्रांच्या सेनेचे प्रमुख जनरल दालेर यांनी जानेवारीतच धोक्याची सूचना धाडली होती. २१ एप्रिल रोजी, कत्तल ऐन भरात असता, सुरक्षा परिषदेने त्यांचे सैन्य सुमारे २७० पर्यंत घटविण्याचा ठराव केला.

यापुढची पायरी कर्तव्याची. रवांडाची शासनव्यवस्था कमालीची शिस्तबद्ध होती. प्रीफेक्ट, म्हणजे आपल्याकडील जिल्हाधिकाऱ्यासारखा अधिकारी; त्याच्या हाताखाली प्रत्येक कम्यूनचा बुर्गमेस्त्र; आणि त्याखाली वाडीवस्तीपर्यंत पोहोचलेले कारभारी. रस्ते, बांधबंदिस्ती अशा सार्वजनिक कामांसाठी प्रत्येक घरातून माणूस देण्याची सक्ती अनेक वर्षे होती, आणि लोकांना तिची सवय झाली होती. १९९४ च्या एप्रिलमध्ये हीच यंत्रणा आणि हीच भाषा वापरली गेली. हत्येला 'काम' म्हटले गेले. नाक्यांवर ओळखपत्रे तपासण्याच्या पाळ्या लागल्या. ज्या कागदाने साठ वर्षांपूर्वी माणसांची वर्गवारी केली होती, तोच कागद आता नाक्यावर जगण्यामरण्याचा निवाडा करू लागला.

ही यंत्रणा आपोआप चालत नव्हती, हे दाखविणारी दोन उदाहरणे आहेत, आणि ती एकाच आठवड्यातील आहेत. दक्षिणेकडील बुतारे प्रांताचे प्रीफेक्ट ज्यां-बाप्तिस्त हाब्यालिमाना हे देशातील एकमेव तुत्सी प्रीफेक्ट होते. (दिवंगत राष्ट्राध्यक्षांच्या आणि त्यांच्या नावात एका अक्षराचाच फरक आहे.) ६ एप्रिलनंतर सुमारे दोन आठवडे त्यांनी आपल्या प्रांतात मोठी कत्तल होऊ दिली नाही. अधिकाऱ्यांनी नाही म्हटले, आणि बहुसंख्य लोकांनी आपणहून हत्यार उचलले नाही. मग त्यांना पदावरून दूर करण्यात आले. पुढे त्यांचीही हत्या झाली. १९ एप्रिल रोजी हंगामी राष्ट्राध्यक्ष सिंदिकुब्वाबो, जे व्यवसायाने डॉक्टर होते आणि त्याच प्रांताचे रहिवासी होते, बुतारेत आले. 'आमचा याच्याशी संबंध नाही' म्हणणाऱ्यांना त्यांनी भाषणात फटकारले. ज्यांना काम करायचे नसेल त्यांनी वाटेतून बाजूला व्हावे असे बजावले. त्यानंतर तेथेही संहार सुरू झाला.

दुसरा माणूस ज्यां-पोल अकायेसू. हा ताबा या कम्यूनचा बुर्गमेस्त्र. पूर्वाश्रमीचा शिक्षक व शाळा-निरीक्षक, गावात मान असलेला. पहिले काही दिवस त्यानेही ताबात हिंसा रोखण्याचा प्रयत्न केला. १८ एप्रिल रोजी हंगामी सरकारने बुर्गमेस्त्रांची बैठक घेतली. त्या बैठकीनंतर अकायेसू बदलला. १९ तारखेच्या पहाटे त्याने जमावापुढे शत्रूच्या हस्तकांना नाहीसे करण्याचे आवाहन केले, आणि ऐकणाऱ्यांना हस्तक म्हणजे तुत्सी, हे समजावून सांगावे लागले नाही. कम्यूनच्या ज्या कचेरीत बायाबापड्या आसऱ्याला आल्या होत्या, त्याच आवारात त्यांच्यावर अत्याचार झाले, आणि तो ते थांबवू शकत असता त्याने थांबविले नाहीत. ताबात किमान दोन हजार तुत्सी मारले गेले. त्यांत शाळाशिक्षकही होते. २ सप्टेंबर १९९८ रोजी टांझानियातील अरुशा येथे आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने त्याला दोषी ठरविले. वंशसंहाराच्या कराराखाली आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दिलेला तो पहिला निकाल. स्त्रियांवरील बलात्कार हाही वंशसंहाराचा भाग ठरू शकतो हे त्यातच प्रथम मान्य झाले. दक्षिण आफ्रिकेतील भारतीय वंशाच्या नवनीतम पिल्ले या त्या न्यायासनावर होत्या.

अकायेसूचे ते पहिले अकरा-बारा दिवस आम्हांला अतिशय अस्वस्थ करतात. तो राक्षस असता तर ते दिवस आलेच नसते. चांगले आणि वाईट त्याला कळत होते. नुसते कळत नव्हते, त्याप्रमाणे तो वागतही होता. मग वारे कोणत्या बाजूला वाहते आहे हे त्याने पाहिले. पद जाईल, कदाचित जीवही जाईल, आणि आपण नाही केले तरी दुसरा कोणीतरी करीलच, हा हिशेब त्याने मांडला असावा. हा हिशेब परका नाही. आपल्या संसारात, कचेरीत, संस्थांत आपण तो लहान प्रमाणात रोज मांडतो.

अमेरिकन अभ्यासक स्कॉट स्ट्रॉस यांनी रवांडाच्या तुरुंगांत शिक्षा भोगणाऱ्या २१० जणांच्या मुलाखती घेऊन २००६ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचा निष्कर्ष असा की, यांतील बहुतेकांच्या मनात आधीपासून तुत्सींविषयी तीव्र द्वेष नव्हता. अनेकांच्या शेजारात, नात्यात तुत्सी होते. त्यांना खेचले ते युद्धाच्या भीतीने, वरून आलेल्या हुकमाने आणि बरोबरच्या माणसांच्या दडपणाने. त्यांच्या अंदाजाने मारेकऱ्यांची संख्या पावणेदोन ते दोन लाख दहा हजार, म्हणजे प्रौढ हुतू पुरुषांच्या सुमारे १४ ते १७ टक्के होती. या आकड्याकडे दोन्ही बाजूंनी पाहावे लागते. इतकी माणसे मारेकरी झाली, हे भयंकर आहे. पण दर सहा-सात पुरुषांमागे पाच-सहा जण झाले नाहीत, हेही त्याच आकड्यात आहे. मग ते कोठे होते? काहींनी शेजाऱ्यांना लपविले, काहींनी दार लावून घेतले, पुष्कळांनी नुसते पाहिले.

येथे नीतिशास्त्राचा कठीण प्रश्न उभा राहतो. कारणे इतकी स्पष्ट दाखविता येत असतील, तर दोष कोणाचा? वसाहती सरकारचा, युद्धाचा, रेडिओचा, हुकूम देणाऱ्यांचा असे म्हणत गेलो, तर कोयता उचलणारा हात अखेरीस निर्दोष ठरतो. आम्हांला हे मान्य नाही. परिस्थिती माणसाला उतरणीवर आणून सोडते. पाऊल मात्र त्याचे त्यालाच टाकावे लागते. तीच भीती, तेच हुकूम, तोच रेडिओ असताना गिसेन्यी येथील फेलिसिते नियितेगेका या हुतू धर्मसेविकेने आपल्याकडे आलेल्या तुत्सींना आश्रय दिला. तिचा भाऊ लष्करात कर्नल होता. तिने निघून यावे म्हणून त्याने निरोप धाडला. तिने नकार दिला आणि आश्रितांबरोबर मरण पत्करले. तिच्याइतके धैर्य सर्वांकडून मागण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण तिच्या नकारामुळे 'दुसरा मार्गच नव्हता' हे वाक्य कायमचे खोटे ठरले.

आणि तरी केवळ एकट्यादुकट्याच्या धैर्यावर विसंबणे हा वेडेपणा होईल. बुतारेचा प्रीफेक्ट दोनच आठवडे टिकला, कारण शेवटच्या पायरीवर उभा राहून तो एकटा नाही म्हणत होता. उतरण जितकी खाली जाते तितकी नकाराची किंमत वाढत जाते. १९९४ च्या एप्रिलमध्ये ती किंमत प्राणांची होती. १९९२ मध्ये ती कदाचित नोकरीची किंवा पक्षातील स्थानाची असती. त्याच्याही आधी, एखाद्या घरात जेवताना कोणी शेजाऱ्याला झुरळ म्हणाले तेव्हा, ती केवळ क्षणभराच्या अवघडलेपणाची होती. नकार जेव्हा स्वस्त असतो तेव्हा तो अनावश्यक वाटतो, आणि आवश्यक वाटू लागतो तेव्हा तो परवडत नाही. या विषयातील सारा पेच आमच्या मते येथे आहे.

आमच्या वाचकांना हा विषय दूरचा वाटू नये. पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या आपल्या कुटुंबांना 'मूळचे कोण आणि बाहेरचे कोण' या प्रश्नाची धार ठाऊक आहे. पाच-सहा पिढ्या एका गावात काढूनही 'तुम्ही इथले नव्हेत' हे आपण कधी ना कधी ऐकले आहे. आणि प्रामाणिकपणे पाहिले तर आपल्यामागून आलेल्यांना आपणही ते ऐकविले आहे. एकाचा अपराध साऱ्या समूहाच्या माथी मारणे हेही आपल्या स्मृतीबाहेरचे नाही. ३० जानेवारी १९४८ नंतर एका माणसाच्या पापासाठी सातारा-कोल्हापूरकडील ब्राह्मणांची घरे जाळली गेली, ही आठवण अनेक घरांत जपली गेली आहे. त्याच वर्षी हैदराबाद संस्थानात रझाकारांनी केलेल्या अत्याचारांच्या कथाही आपण सांगत आलो. पोलिस कारवाईनंतर मराठवाड्यासह त्या संस्थानातील गावोगाव निरपराध मुसलमान मारले गेले, पंडित सुंदरलाल यांच्या समितीने तो आकडा २७ ते ४० हजार असा अंदाजिला, आणि तो अहवाल अनेक दशके लोकांसमोर आला नाही, हे मात्र आपण क्वचितच सांगतो. या घटनांना वंशसंहार म्हणणे अतिशयोक्ती ठरेल. आम्ही तसे म्हणत नाही. पण आपले दुःख मोजून ठेवायचे आणि दुसऱ्याचे मोजायचेच नाही, ही सवय त्याच उतरणीच्या वरच्या पायऱ्यांपैकी एक आहे.

रवांडाने १९९४ नंतर ओळखपत्रावरील जमातीचा रकाना काढून टाकला. 'गचाचा' नावाच्या सुमारे १२ हजार ग्रामन्यायालयांनी २०१२ पर्यंत १९ लाखांच्या आसपास प्रकरणे ऐकली. या न्यायदानातील उणिवा पुष्कळांनी दाखविल्या; विजयी पक्षाच्या सैनिकांनी केलेल्या हत्यांचा तेथे विचार झाला नाही, हा आक्षेप तर गंभीर आहे. तरी 'जमावाने मारले' या शब्दांआड दडता येणार नाही, प्रत्येकाने आपल्या गावासमोर उभे राहून आपण काय केले ते सांगावे, हे तत्त्व त्यामागे होते.

सर्पसत्र थांबविले ते आस्तिकाने. तो पित्याकडून ऋषिकुमार आणि मातेकडून नागकुळाचा होता; रवांडातील असंख्य मुलांप्रमाणे दोन्ही घरांचा. त्याने राजाला शाप दिला नाही की शस्त्र उचलले नाही. राजाने देऊ केलेल्या वराच्या बदल्यात त्याने एवढेच मागितले की हा यज्ञ थांबावा. आणि सोने, चांदी, गाई देऊ केल्या तरी मागणी बदलली नाही. परंतु तो पोहोचेपर्यंत अगणित सर्प जळून गेले होते. महाभारतकारांनी हे लपविलेले नाही. आस्तिकाचे माहात्म्य आपण गातो ते योग्यच आहे. पण ज्या दिवशी उत्तंक राजाच्या कानाशी लागला, त्या दिवशी सभेत बसलेल्यांपैकी कोणी 'दोष तक्षकाचा आहे, सर्पांचा नव्हे' असे म्हटले असते, तर आस्तिकाची वाट पाहावी लागली नसती. ते वाक्य उच्चारण्यासाठी आस्तिकाचे तपोबल लागत नव्हते. सभेत बसण्याचा अधिकार असलेल्या कोणालाही ते म्हणता आले असते.